महाराजांना शिवनेरी का मिळाला नाही? वेढ्याचा साधा हिशोब

शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला, हे आपल्या जुन्नर-आंबेगावात शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही माहीत आहे. पण तोच शिवनेरी महाराजांच्या हयातीत स्वराज्यात कधीच आला नाही, असं म्हटलं की निम्मे लोक चमकतात आणि उरलेले निम्मे रागावतात. १६३६ साली निजामशाही बुडाली, शहाजीराजांना माहुलीवर शरण जावं लागलं आणि त्या तहाच्या ओघात शिवनेरी मोगलांकडे गेला. १६८० ला महाराज गेले तेव्हाही गडावर मोगलांचंच निशाण होतं. मराठ्यांकडे तो आला त्यांच्या पश्चात कितीतरी दशकांनी, पेशवाईत.

मग कोंढाणा एका रात्रीत घेणाऱ्यांना, साठ माणसांनिशी पन्हाळा घेणाऱ्यांना स्वतःच्या जन्माचा किल्ला का मिळाला नाही? पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

विषय डोक्यात घुसला तो एका गेममुळे. दिवाळीत भाच्याने लॅपटॉपवर 'शोगुन २' दाखवला. २०११ चा, तसा जुनाच. सोळाव्या शतकातला जपान, एकमेकांच्या जिवावर उठलेली सरदार घराणी, आणि सगळ्यांना क्योतो हवंय. एका वर्षाच्या चार पाळ्या, प्रत्येक ऋतूची एक. मोहीम सुरू करताना अवघडपणाची पातळी निवडायची, सोपीपासून थेट 'लेजेंडरी'पर्यंत. त्या शेवटच्या पातळीवर लढाई मध्येच थांबवून विचार करता येत नाही आणि डाव फसला तर मागची सेव्ह उघडून पुन्हा खेळता येत नाही. भाचा या खेळातला पक्का. म्हणाला, "मामा, वेढा घालून बसायचंच नाही. भिंतीवर माणसं चढवायची. थोडी पडतात, बाकीची आत जातात. किल्ला आपला."

खरंच तसं आहे त्यात. शिपाई शिडीबिडी काही न घेता भिंत चढतात. मी म्हटलं, बाबा, जुन्नरच्या बाजूने शिवनेरीचा कडा बघितलाय का एकदा?

गेमला नावं ठेवायची नाहीत मला. काही गोष्टी त्यात फार बरोबर आहेत. वेढलेला किल्ला किती ऋतू टिकेल याचा आकडा समोर दिसतो. शत्रूच्या मुलखात हिवाळ्यात राहिलात तर फौज आपोआप झिजते. लाच देऊन समोरची फौज फोडणारा माणूसही हाताशी असतो. चुकतं ते एवढंच, की खेळणाऱ्याला थांबण्याचा कंटाळा येतो म्हणून चढाई सोपी करून ठेवलीय. खुद्द जपानात तरी कुठे तसं होतं? १५८१ साली हिदेयोशीने तोत्तोरीचा किल्ला घेतला तो आधी बाजारात. वेढ्याच्या अगोदर त्याच्या माणसांनी त्या मुलखातला तांदूळ चढ्या भावाने उचलला. भाव बघून किल्ल्यातल्यांनीही आपला साठा विकला असं सांगतात. मग वेढा पडला, आणि चारेक महिन्यांत उपासमारीने किल्ला हाती आला. पुढच्याच वर्षी ताकामात्सूला त्याने बांध घातला, नदी वळवली आणि किल्ल्याभोवती तळं केलं. भिंतीवर माणसं चढवायची गरजच पडली नाही.

आता आपल्या गडांचा हिशोब करू. हा माझा ढोबळ हिशोब आहे, कुठल्या बखरीतला नाही.

धरा, गडावर दीडशे माणसांची शिबंदी आहे. माणशी दिवसाला एक किलो धान्य. चार महिन्यांचे १२० दिवस. झाले १८० क्विंटल. बैलाच्या पाठीवर सव्वा क्विंटलच्या आसपास माल जातो, म्हणजे दीडशे बैल एकदा गडाखाली आले की चार महिने निर्धास्त. पाणी? प्यायला, रांधायला माणशी पाच लिटर धरा. दीडशे माणसांना आठ महिने पुरायला १ लाख ८० हजार लिटर लागतं. आपल्या भाषेत सांगायचं तर १० हजार लिटरचे अठरा टँकर. कातळात खोदलेली चार-पाच चांगली टाकी असली की काम झालं, आणि ती भरायला पाऊस फुकट.

आता खाली वेढा घालून बसलेल्यांचं बघा. वीस हजारांची फौज, तिच्यामागचे बाजारबुणगे वेगळेच. नुसत्या शिपायांना दिवसाला २०० क्विंटल धान्य, म्हणजे रोज १६० बैल यायला पाहिजेत. रोज! घोड्यांचे हरभरे, वैरण, हत्ती, तोफा ओढणारे बैल हे यात धरलेलेच नाही. मोगल फौजांचं धान्य बंजाऱ्यांचे तांडे वाहून आणत. तांडा पुरात अडकला किंवा वाटेत लुटला गेला की वरचे पोटभर जेवतायत आणि खालचे उपाशी, अशी उलटी गंमत व्हायची. वेढ्यात कोण कोणाला उपाशी मारतंय हे पहिल्या दिवशी कधीच ठरलेलं नसतं.

या हिशोबाचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या हायवेवर आहे. चाकणला ट्रॅफिकमध्ये अडकलात (अडकणारच) तर शिव्या देण्याऐवजी संग्रामदुर्गाची आठवण काढा. डोंगर नाही, कडा नाही, साधा भुईकोट. तट, बुरूज, खंदक. १६६० च्या जून महिन्यात शायिस्तेखान पुण्याहून निघून चाकणवर आला. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि तीन-साडेतीनशे माणसं. खानाकडे माणूस, पैसा, तोफा कशाचीच कमी नव्हती. त्याने चारी बाजूंनी मोर्चे लावले, आणि वर पावसाळा सुरू झाला.

गेममध्ये हे दोन पाळ्यांत संपलं असतं. इथे लागले ५६ दिवस.

खानाने शेवटी वाट काढली ती जमिनीखालून. आपल्या मोर्चापासून किल्ल्याच्या ईशान्य बुरुजाखालपर्यंत त्याने सुरुंग खणायला घेतला. चिखलात, पावसात, वरून मारा चालू असताना. १४ ऑगस्टला दुपारी तीनच्या सुमाराला सुरुंगाला बत्ती दिली. बुरूज उडाला, त्यावरची माणसंही उडाली. मोगल आत धावले तर समोर मराठ्यांनी आतल्या बाजूला मातीचा आडोसा रचून ठेवलेला! ती रात्र मोगलांना तिथेच काढावी लागली. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. मोगलांचे २६८ मेले, ६०० जखमी झाले. एका भुईकोटापायी. खानाने फिरंगोजीला मोगलांची चाकरी देऊ केली, ती त्याने नाकारली. त्यानंतर डोंगरी किल्ल्यांच्या नादी फारसं न लागता खान पुण्यात मुक्काम ठोकून बसला, यात नवल नाही. चाकणला हा भाव, तर सह्याद्रीत काय?

पण चाकणला मदत का आली नाही, हा प्रश्न आपण विचारत नाही. त्याच पावसाळ्यात महाराज स्वतः पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात होते. मार्चपासून. जुलैच्या मध्यावर ते निसटले, पावनखिंडीत बाजीप्रभू पडले, महाराज विशाळगडावर पोहोचले. चाकण त्यानंतर महिनाभर लढत होतं. एकाच राज्यावर एकाच पावसात दोन टोकांना दोन वेढे. बाहेरून सोडवायला येणारी फौज असेल तरच आतल्या धान्याला अर्थ. नसेल तर कोठार फक्त तारीख पुढे ढकलतं.

आता शिवनेरी. महाराजांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही, चांगले तीन प्रसंग नोंदलेले आहेत, आणि तिन्ही तऱ्हा वेगवेगळ्या आहेत.

पहिला १६५७ चा, एप्रिलच्या शेवटी. रात्रीच्या अंधारात दोरांच्या शिड्या लावून मराठे जुन्नर शहराच्या तटावरून आत उतरले. ३ लाख होन, २०० घोडी, शिवाय कापड-दागिने घेऊन पसार झाले. शहर लुटलं गेलं, पण डोक्यावरचा किल्ला जागचा हलला नाही. या छाप्यात किल्ला घ्यायचा बेतच नव्हता असं मला वाटतं. हे पैशाचं काम होतं, आणि ते फत्ते झालं.

दुसरा १६७३ चा. या वेळी हत्यार लाचेचं. शिवनेरीचा मोगल किल्लेदार अब्दुल अजीजखान. त्याला मोठी रक्कम देऊ केली. तो हो म्हणाला, पैसे घेतले, दिवस ठरवला, ताबा घ्यायला फौज पाठवा म्हणाला. आणि गुपचूप मोगल सुभेदार बहादूरखानाला कळवलं. ताबा घ्यायला गेलेली फौज दबा धरून बसलेल्या मोगलांच्या तोंडी सापडली आणि मोठं नुकसान सोसून परतली. त्याच वर्षी मार्चमध्ये कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनी पन्हाळा घेतला होता, हे लक्षात घ्या. युक्तीत कमी नव्हती. समोरचा माणूस वेगळा निघाला.

तिसरा १६७८ चा, आणि हा भाच्याच्या पद्धतीचा. तीनशे मावळे रात्री दोर लावून कडा चढले. काही वर पोहोचले सुद्धा! पण गड जागा होता. वर आलेले मारले गेले, उरलेले खालच्या झाडीत-खडकांत लपले. सकाळी अजीजखानाने त्यांना शोधून काढलं, आणि मारलं नाही. वस्त्रं वगैरे देऊन सोडलं आणि महाराजांना निरोप धाडला: मी किल्लेदार असेतो हा गड तुम्हाला मिळायचा नाही.

शत्रूचा असला तरी माणूस पोलादी होता, एवढं म्हणायला आपलं काही जात नाही.

अजीजखानाच्या इमानाखाली भक्कम पाया होता तो पाण्या-धान्याचा. १६७५ च्या सुमाराला जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर मुंबईहून जुन्नरला आला होता. मोगल सुभेदाराच्या जनान्यात उपचारासाठी बोलावलं होतं त्याला. त्याने लिहून ठेवलंय की गडावर हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल एवढा साठा आहे. फुगवून सांगितलेलं असू शकेल, किल्लेदार पाहुण्याला कमी थोडंच सांगेल? अर्धं धरा, तरी साडेतीन वर्षं. अंबरखाना तुम्ही पाहिलाय, गंगा-जमुनाचं पाणी तुम्ही प्यायलाय, गडावर ठिकठिकाणी कातळात खोदलेली टाकी आहेत. उपाशी-तहानेने शिवनेरी पाडायचा तर खाली काही वर्षं फौज ठेवायला हवी होती. आणि खाली काय? जुन्नर, मोगलांचं भरलेलं ठाणं. नाणेघाटाची वाट. तिकडे पेडगावला बहादूरखानाची फौज. वेढा घालणाराच दोन दिवसांत वेढला गेला असता. कोंढाण्याला तसं नव्हतं. तो गड चारी बाजूंनी मावळात होता, वाटा-माणसं सगळी ओळखीची. म्हणून मी म्हणतो, कोंढाणा ही फार अवघड पातळी असेल, पण शिवनेरी ही लेजेंडरी.

महाराजांनी हे सगळं नीट टिपलेलं दिसतं. स्वराज्याच्या गडांची रचना बघा. एकाच माणसाच्या हातात किल्ला ठेवायचाच नाही. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे बरोबरीचे अधिकारी, वेगवेगळ्या जातींचे, शिवाय धान्य-सामानाला कारखानीस. एक फितूर झाला तरी दुसरा आडवा येणार. आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रात, जे अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं आहे, किल्ला बांधताना पहिला विचार पाण्याचा करायला सांगितलाय. पाणी नसेल आणि जागा सोडवत नसेल तर कातळ फोडून टाकी करा. झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नका, लढाईच्या दणक्यांनी झरे आटतात, म्हणून साठवणीचं पाणी वेगळं ठेवा. आपल्या व्याख्यानांत आज्ञापत्राचं नाव येतं, हा भाग मात्र क्वचित ऐकू येतो. तलवारीला टाळ्या मिळतात, टाक्याला मिळत नाहीत.

मग १८१८ ला आपले हेच गड पटापट का पडले? मेजर एल्ड्रिज नावाचा इंग्रज अधिकारी एप्रिल-मे महिन्यांत जुन्नर भागात आला. शिवनेरी, हडसर, चावंड, जीवधन असे काही दिवसांत एकामागून एक गेले. चावंडने तेवढा थोडा दम दाखवला. त्यावर इंग्रजांनी शंभराहून अधिक कुलपी गोळे टाकले आणि सुमारे दीडशेची शिबंदी दुसऱ्या दिवशी खाली उतरली. दोन गोष्टी बदलल्या होत्या. एक, गरनाळांतून उंच उडवून तटाच्या आत फुटणारे गोळे. त्यांच्यापुढे कड्याची उंची कामाची नव्हती आणि दारूकोठार, घरं काहीच सुरक्षित नव्हतं. दुसरी गोष्ट मला जास्त मोठी वाटते. बाजीराव पळत होता. सोडवायला कुणी येणार नाही हे गडावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. कोठारात धान्य असूनही लढायचं कशासाठी, हा प्रश्न त्या दीडशे माणसांनी स्वतःला विचारला असेल. आपण त्यांना भ्याड म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही.

गड घेतल्यावर इंग्रजांनी काय केलं ते बघा, म्हणजे त्यांना किल्ला कळला होता हे कळेल. त्यांनी वाटा तोडल्या. चावंडच्या कड्यातल्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, जीवधनलाही तेच. आज आपण चावंडला रेलिंग धरून ज्या तुटक्या टप्प्यावरून जीव मुठीत धरून चढतो, तो निसर्गाने केलेला नाही. जीवधनच्या दगडी कोठारात आत गेलं की जुनी राख दाखवतात, त्याच वेळच्या आगीची म्हणून सांगतात. वाट नाही तर रसद नाही, रसद नाही तर पुन्हा कुणी वर बसणार नाही. दोनशे वर्षं झाली, हिशोब बरोबर निघाला.

आता आजचं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात शिवनेरी आहे. आपल्या तालुक्याला २०१८ पासून विशेष पर्यटन तालुका म्हणतात. आनंदच आहे, फटाके मीही वाजवले. पण निधी आला की पहिली मागणी कशाची होते? कमानीची, पुतळ्याची, लाइटिंगची, पार्किंगची. टाक्यांतला गाळ काढा म्हणून मोर्चा निघालेला मी तरी पाहिला नाही. चावंडची सप्तमातृकांची सात टाकी, हडसर, निमगिरी, जीवधनवरची टाकी, यांतली कित्येक मातीने, प्लास्टिकने भरत चाललीत. हे काम कुणीही उठून पहार घेऊन करायचं नाही, पुरातत्त्व आणि वन खात्याची परवानगी लागते, ती घेऊन काही मंडळं वर्षानुवर्षं राबतायत. त्यांना रविवारी वीस माणसं मिळत नाहीत. १९ फेब्रुवारीला मात्र गडावर पाय ठेवायला जागा नसते.

आणि याच गडांच्या पायथ्याला काय चाललंय? कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आपल्या दोन तालुक्यांत. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावात डिंभे, ज्याच्या पोटात जुनं आंबेगाव गावच बुडालंय. तरी एप्रिल-मे आला की पश्चिमेच्या आदिवासी वाड्या-वस्त्या टँकरची वाट बघतात. ज्या डोंगराच्या माथ्यावर आठ महिने पाणी पुरवण्याची सोय कातळात खोदून ठेवलेली होती, त्याच डोंगराखाली हंड्यांची रांग. हे लोक कुणाचे? महादेव कोळी, ठाकर. गडांच्या वाटा, मेटं, पहारे पिढ्यान्पिढ्या ज्यांच्या पायाखाली होते ते. मोगलाईत बंड केलं म्हणून ज्यांच्या पूर्वजांना शिवनेरीवर मारलं, त्यांची आठवण सांगणारा कोळी चौथरा आजही गडावर आहे. किती जण तिथे थांबतात?

माझी मागणी साधी आहे आणि ती येत्या ग्रामसभेत मी लेखी देणार आहे. दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक गडावरच्या टाक्यांची मोजणी व्हावी: लांबी, रुंदी, खोली, गाळ किती, मे महिन्यात पाणी किती. टेप, काठी आणि वही एवढंच सामान लागतं, टाक्याला धक्काही लागत नाही. शाळेतली पोरं करतील, गणिताचा तासही होईल. चावंड आणि हडसरपासून सुरुवात करू. यायचं असेल त्यांनी इनबॉक्सला गावाचं नाव टाका. कुणी आधीच मोजून ठेवलं असेल तर आकडे पाठवा. पाऊस सुरू व्हायच्या आत, टाकी तळाला गेलेली असतानाच हे काम होतं.